आंतरराष्ट्रीय पुरस्कार, प्रत्येक तालुक्यातून दोन

“दोन पाहिजेत,” साहेब म्हणाले. “प्रत्येक तालुक्यातून किमान दोन. मंगळवारी पाच वाजेपर्यंत.”

मी हातातली रक्ताची नळी स्टँडमध्ये ठेवली आणि विचारलं, “दोन काय, सर?”

“आंतरराष्ट्रीय पुरस्कार.”

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात सरकारी लॅब टेक्निशियन होतो. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. आता रिटायर झालोय. तरी या हकिगतीत कुठल्या ऑफिसचं नाव लिहीत नाही. नोकरी संपली असली तरी पेन्शन चालू आहे.

प्रकार असा होता. परदेशातली एक जुनी संस्था वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय संशोधनासाठी दरवर्षी मोठे पुरस्कार देते. जखम झाली की पेशी ती कशी भरून काढते, एखादा विषाणू शरीरात कुठल्या दारानं शिरतो, असलं काही शोधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ते मिळतात. पेपरात फोटो येतो तेव्हा ही माणसं बहुतेक म्हातारी असतात आणि कॅमेऱ्याकडे बघून गोंधळलेली असतात. त्या संस्थेनं यंदाची नामांकनं सुरू झाल्याची एक साधी ईमेल जगभर पाठवली. नामांकन म्हणजे एका जाणत्या माणसानं दुसऱ्याचं नाव सुचवणं.

ती ईमेल कुठल्यातरी वरच्या ऑफिसात पोचली. त्यांनी ती ‘माहितीस्तव’ असा शेरा मारून खाली ढकलली. त्याखालच्यांनी ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ लिहिलं. त्याखालच्यांनी ‘तात्काळ’. आमच्या जिल्ह्याच्या वरच्या ऑफिसात पोचेपर्यंत तिच्यात एक तक्ता आला होता. तालुक्याचं नाव, उद्दिष्ट, साध्य, शेरा. उद्दिष्टाच्या रकान्यात सगळ्या तालुक्यांसमोर दोन-दोन लिहिलं होतं. आमचा जिल्हा आकांक्षित जिल्हा आहे. ‘मागास’ म्हणायचा हा सभ्य शब्द आहे. आकांक्षितांना सगळ्याच गोष्टींचं टार्गेट असतं, मग पुरस्कारांनीच काय पाप केलंय?

“सर, असे पुरस्कार टार्गेटवर मिळत नसतात,” मी म्हणालो.

“मला कळतं हो, रफिक,” साहेब म्हणाले. साहेब साताऱ्याकडचे, माणूस चांगला, पण मीटिंगांनी पिचलेला. “पण ‘निरंक’ लिहून पाठवलं तर व्हिडिओ कॉन्फरन्सवर सगळ्यांसमोर उभं करतात. तुम्हाला नोडल अधिकारी केलंय.”

“मलाच का?”

“तुमच्याकडे मायक्रोस्कोप आहे.”

पहिला प्रस्ताव साहेबांनीच तयार केला. आठवड्यातून एक दिवस घरातली पाण्याची भांडी कोरडी ठेवायची, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत. हा कोरडा दिवस सगळा देश कित्येक वर्षं पाळतो. पण आमच्या तालुक्यात तो मनापासून पाळतात, हे संशोधन, असं साहेबांनी लिहिलं. दुसऱ्या प्रस्तावासाठी काही सुचेना. तिथे मी तोंड उघडलं. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी बायको म्हणते, आणि त्या दिवशी तिचं म्हणणं सरकारी कागदावर नोंदवलं गेलं.

मी म्हणालो, “खरं संशोधन म्हणाल तर इंगोले सिस्टरची वही आहे.”

वहीबद्दल सांगायचं तर आधी सिकलसेलबद्दल सांगायला हवं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि सांधे असे दुखतात की धडधाकट माणूस लेकरासारखा रडतो. हे आईबापांकडून येतं. आम्ही ते अक्षरांत लिहितो. एए म्हणजे काही नाही. एसएस म्हणजे आजार. एएस म्हणजे वाहक. वाहक माणूस ठणठणीत असतो, शेतात राबतो, बैल आवरतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर त्यांच्या प्रत्येक लेकराला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

विमल इंगोले सिस्टर किन्हीराजाच्या पुढच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स होत्या. त्या गावाचं नावही लिहीत नाही, कारण वहीत त्या गावाची नावं आहेत. त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा होऊन गेला. दोघं आईबाप वाहक होते आणि लग्नाच्या वेळी कोणी एका शब्दानं बोललं नव्हतं. कारण कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून सिस्टरनी एक लांब वही सुरू केली. एका घराला एक पान. वर आजा-आजी, खाली लेकरं, त्याखाली नातवंडं, आणि तपासणीच्या कॅम्पमध्ये निघालेलं अक्षर प्रत्येकाच्या नावापुढे. कॅम्पची सरकारी रजिस्टरं ऑफिस हलवताना कुठे गेली ते देव जाणे. लोकांना दिलेली कार्डं पत्र्याच्या फटीत पावसानं भिजून गेली. राहिली ती ही वही.

आजूबाजूच्या चार गावांत मग एक रीतच पडली. स्थळ आलं की मुलीची आई बीपी तपासायच्या निमित्तानं सिस्टरकडे यायची. जाताजाता मुलाचं नाव सांगायची. सिस्टर वही उघडायच्या, दोन पानांवर बोट फिरवायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. ‘पुढं जा’ किंवा ‘थांबा’. कोणाचं अक्षर काय, हे त्या कधीच सांगायच्या नाहीत. त्यामुळे खोट कोणाच्याच माथी लागत नव्हती. मालेगावला येऊन माझ्याकडे रक्त दिलं तर ते एसटी स्टँडवर चहा पिणाऱ्या सगळ्यांना कळतं. वहीचं कोणाला कळत नव्हतं. ‘आधी वही, मंग पसंती’ असं लोक म्हणायचे.

साहेबांनी हे ऐकलं आणि खुर्चीतून उठले. “अहो, हे खरंच मोठं काम आहे! आणा ती वही.”

शनिवारी मी मोटारसायकल काढून उपकेंद्रावर गेलो. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं.

“वही मी कोणाले देत नसतो, रफिकभाऊ.”

“दोन दिवस फक्त. नावं न लिहिता नुसती अक्षरं उतरवून घेतो. सोमवारी वही तुमच्या टेबलावर.”

“आन् नाई आली तं?”

“माझी जबान देतो, ताई.”

त्यांनी कपाटातून वही काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. जबान हा शब्द आमच्या घरात सहज वापरत नाहीत. मी तो वापरला आणि वही डिकीत टाकली.

रविवारी बसून मी एक स्वच्छ तक्ता केला. नावं नाहीत, गाव नाही, घर क्रमांक एक, घर क्रमांक दोन, अशी अक्षरं. सोमवारी वही परत करणार, तेवढ्यात मला शेलूबाजारच्या रक्तदान कॅम्पला पाठवलं. वही मी माझ्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवली. कुलपाची दुसरी किल्ली साहेबांकडे असते, हे मला माहीत होतं. पण साहेब तिचा उपयोग करतील, हे माहीत नव्हतं.

मंगळवारी परत आलो तर ड्रॉवर रिकामा.

“वरून फोन आला होता,” साहेब नजर चुकवत म्हणाले. “मूळ कागदपत्रं जोडल्याशिवाय प्रस्ताव ग्राह्य धरणार नाहीत. गाडी निघालीच होती, दिली पाठवून.”

“सर, ती सरकारी वही नाही. सिस्टरची आहे.”

“येईल हो परत. कुठे जातेय?”

सरकारी ऑफिसात गेलेला मूळ कागद कुठे जातो, हे साहेबांनाही माहीत होतं. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

पुढचे दोन आठवडे प्रस्ताव वर-खाली फिरत होता. प्रत्येक वेळी दुरुस्तीला माझ्याकडे यायचा, त्यामुळे त्याची वाढ मला लेकरासारखी बघायला मिळाली. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, या शोधामुळे विज्ञानात काय बदल झाला? उत्तर आलं होतं, लाभार्थ्यांमध्ये समाधानाचे वातावरण आहे. प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची यादी मागितली होती. तिथे एका शिबिराच्या उद्घाटनाची पेपरातली कात्रणं जोडली. कात्रणात फीत कापणारे नेते स्पष्ट दिसत होते.

नावांचं तर विचारू नका. मी पाठवला तेव्हा प्रस्तावावर एकच नाव होतं, श्रीमती विमल इंगोले. पहिल्या फेरीत वर ‘मार्गदर्शक’ म्हणून आमचे साहेब आले. दुसऱ्या फेरीत ‘प्रमुख संशोधक’ म्हणून वरच्या ऑफिसच्या मॅडम आल्या. मग समन्वयक आले, सहसमन्वयक आले, संकल्पना आली, प्रेरणा आली. प्रेरणा म्हणून ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ महिन्यापूर्वीच बदलून जिल्ह्यात आले होते. अकराव्या क्रमांकावर ‘व्ही. इंगोले, लेखन साहाय्य’ असं होतं. शेवटच्या फेरीत तिथे नुसतं ‘स्थानिक कर्मचारी’ उरलं.

सिस्टर रोज फोन करायच्या नाहीत. हे जास्त टोचायचं. त्यांचा फोन आला तो गुरुवारी.

“रफिकभाऊ, वही कोठी हाये?”

“वाशीमले, ताई. आणतोच.”

“रविवारी संगीताच्या प्रणालीची सुपारी फोडून राह्यले. संगीता काल दोनदा बीपी तपासून गेली. मी काय सांगू तिले?”

संगीताबाईचं घर सिस्टरच्या उपकेंद्राच्या मागेच. प्रणाली त्यांची थोरली, बीएस्सी झालेली. मुलगा शेजारच्याच गावचा, त्याचंही घर वहीत होतं. सुपारी फुटली की लग्न ठरलं. त्यानंतर कोणी मागे फिरत नाही, फिरलं तर मुलीच्या नावानं गाव बोलतं. आणि नव्यानं तपासायचं म्हटलं तर आमच्याकडे फक्त चाळणी चाचणी होत होती. रक्तात दोष आहे की नाही एवढं ती सांगते. अक्षर ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस लागतो. म्हणजे हिमोग्लोबिन एका पट्टीवर ठेवून वीज सोडायची, आणि कुठला प्रकार किती अंतर धावतो ते बघायचं. ती नळी बाहेर पाठवावी लागायची आणि रिपोर्टला वीस दिवस. रविवार तीन दिवसांवर होता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी वाशीमला गेलो. वरच्या ऑफिसच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर चालू होता. सोमवारी व्हीसीवर सगळ्या तालुक्यांना प्रस्तावाचं सादरीकरण दाखवायचं होतं, त्याची रंगीत तालीम चालली होती. मी दारात उभा राहिलो.

भिंतीवर सात-आठ फुटांचं वहीचं पान होतं. सिस्टरचं वळणदार अक्षर. घराचं आडनाव, गावाचं नाव, आजा, आजी, मुलं, सुना, आणि प्रत्येकापुढे लाल शाईत अक्षर. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवरूनही वाचता येईल एवढं मोठं.

मी मॅडमच्या खुर्चीजवळ गेलो. “मॅडम, ही पेशंटची नावं आहेत. ही दाखवता येत नाहीत.”

“चेहरे कुठे दाखवलेत?” मॅडम म्हणाल्या. “आणि ओरिजिनल हँडरायटिंग आहे. ग्रासरूट फील येतो. परदेशी लोकांना हेच आवडतं.”

“मॅडम, यात लग्नाच्या पोरी आहेत. सोमवारी हे सगळ्या ग्रुपवर फिरेल.”

“फिरू दे की. प्रचार, प्रसिद्धी हा पण एक निकष आहे.”

“मी नावं काढून तक्ता केला होता. तो वापरा. नाहीतर आमचा प्रस्ताव मागे घेतो.”

“मागे?” मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “जिल्ह्याचं साध्य कमी होईल. तुम्ही टेक्निशियन आहात ना? मग टेक्निकल बोला.”

मी टेक्निकलच बोलत होतो. पण लॅबमध्ये तीस वर्षं काढल्यावर एक कळतं. चुकीच्या नळीत कितीही रसायन घातलं तरी रंग बदलत नाही. मी हॉलमधून बाहेर आलो.

वही होती आस्थापनेच्या गजाननबाबूंकडे, लोखंडी कपाटात. गजाननबाबू म्हणजे त्या ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क. पुढे पुस्तकाएवढा पानाचा डबा, मागे फायलींची भिंत.

“वही पायजे, बाबू.”

“लेखी मागणी आनली काय?”

“नाई.”

“साह्यबाचं पत्र?”

“नाई.”

“मंग कायले आले उन्हातान्हाचे? बसा, पान खा.”

“बाबू, त्यात लोकाइच्या घरातलं हाये. सोमवारी भिंतीवर लावून राह्यले.”

“नावंच तं हायेत,” बाबू म्हणाले. “मतदार यादीत बी असतात नावं. कोन पाह्यते?”

मी मग विचारलं, “तुमचं गाव किन्हीराजाकडलंच ना, बाबू?”

“व्हय. आता इकडंच असतो, पन भाऊ तिकडंच हाये. काहून?”

“काही नाई. एकदा वही पाहून घ्या तुमी. मी बाहेर थांबतो.”

मी खरंच बाहेर जाऊन थांबलो. वहीत कुठल्या पानावर काय आहे हे मला सांगायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या घराचं पान आहे की नाही हेही मला नक्की आठवत नव्हतं. दहा-पंधरा मिनिटं झाली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

बाबूंनी मला आत बोलावलं तेव्हा त्यांचं पान तोंडातच राहिलं होतं. वही मिटलेली होती आणि त्यांचा तळहात तिच्यावर होता.

“पुतनीचं पाहून राह्यले घरी,” ते हळू म्हणाले. “दिवाळीनंतर कराचं म्हनत होता भाऊ.”

त्यांनी ड्रॉवरमधून आवक रजिस्टर काढलं. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद त्यात करतात. त्यांनी दोन आठवड्यांच्या पानांवर बोट फिरवलं.

“ही वही आवक झालीच नाई,” ते म्हणाले. “गाडीवाल्यानं डायरेक्ट हॉलमधी नेली.”

“मंग?”

“मंग काय? जी आलीच नाई ती गहाळ कशी होईन? न्या तुमी.” मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “आन् त्या भिंतीवरच्या फोटोचं मी पाहतो. पेनड्राइव्ह माह्याच टेबलावर येते सोमवारी.”

एवढी वर्षं मी सरकारी नियमांना शिव्या घातल्या. त्या दिवशी त्याच नियमांच्या फटीतून मी वही घेऊन बाहेर पडलो, आणि एसटीत ती मांडीवर घट्ट धरून बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, “पोथी हाये काय, भाऊ?” मी हो म्हणालो.

शनिवारी सकाळी उपकेंद्रावर वही सिस्टरच्या टेबलावर ठेवली. त्यांनी लगेच उघडली. तेव्हा मीही ती परत मिळाल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रत्येक पानावर शिक्के होते; भिंतीवरचा फोटो त्यांच्या आधीचा असावा. प्रत्येक टेबलानं आपापला मारला होता. ‘साक्षांकित’. ‘तपासले’. ‘मूळ प्रत पाहिली’. त्यावर जांभळ्या शाईचा मोठा गोल शिक्का आणि त्यावर कोणाची तरी लांबलचक सही. कागद खरा आहे हे सिद्ध करण्याच्या नादात त्यांनी कागदावर लिहिलेलं झाकून टाकलं होतं. कित्येक पानांवर नावं तेवढी दिसत होती, अक्षरं शिक्क्याखाली गेली होती. प्रणालीच्या घराचं पान मी घाईघाईनं काढलं. गोल शिक्का बरोबर तिच्या ओळीवर बसला होता. मी उजेडाकडे धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. नुसती जांभळी शाई.

“ताई, मले माफ करा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सिस्टर काही बोलायच्या आत संगीताबाई आल्या. सोबत प्रणालीही होती. आज बीपीचं निमित्तही नव्हतं.

“सिस्टर, उद्या पाव्हने येऊन राह्यले. आता तरी सांगा.”

मला वाटलं, आता सिस्टर म्हणतील, वही खराब झाली, वीस दिवस थांबा, रक्त तपासू. त्यांनी तसं काही केलं नाही. प्रणालीच्या घराचं पान काढलं. बोट शिक्क्यावरून सावकाश फिरवलं. मग मुलाच्या घराचं पान काढलं, तिथेही शिक्का, तिथेही बोट फिरवलं. वही मिटली.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या.

संगीताबाई मटकन खाली बसल्या. “सगळं ठरलं हो. पत्रावळीसुदिक सांगून झाल्या. वही पक्कं सांगते ना?”

“वही पक्कं सांगते.”

“पन काहून थांबाचं?” हे प्रणाली म्हणाली. तिचा आवाज चिडका होता आणि डोळे भरलेले होते. “मी बी ठणठणीत हावो, तो बी ठणठणीत हाये. दोन महिने बोलून राह्यलो आमी फोनवर. एका वहीपायी सोडून देऊ त्याले?”

सिस्टर एरवी एका शब्दावर उठतात. त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. त्यांनी प्रणालीला जवळ बसवलं आणि आपल्या बहिणीच्या मुलाचं सांगितलं. तो थंडीत कसा ओरडायचा, पाय दाबून दाबून आईचे हात कसे सुजायचे, नवव्या वर्षी कसा गेला, आणि त्याचे आईबाप अजून एकमेकांच्या तोंडाकडे पाहून कसे बोलत नाहीत. “ते दोघं बी ठणठणीतच होते, बाई,” त्या म्हणाल्या.

प्रणाली बराच वेळ रडली. संगीताबाईंनी पाहुण्यांकडे लांबचं नातं निघालं म्हणून निरोप पाठवला. कोणाची खोट निघाली नाही. फक्त पत्रावळीवाला चिडला.

त्या दोघी गेल्यावर मी सिस्टरना म्हणालो, “ताई, शिक्क्याखालचं तुमाले दिसलं कसं? मी भिंग लावलं तरी दिसलं नाई.”

“दिसलं नाईच.”

“मंग?”

“मले वही पाठ हाये, रफिकभाऊ. सगळी. पहिल्यापासून.”

“मंग उघडता काहून दरवेळी?”

सिस्टर हसल्या. “मी तोंडानं सांगतलं तं लोक म्हनतीन, विमलबाईनं सोयरीक मोडली. वही सांगते म्हटलं का कोनी भांडत नाई. वहीसंग कोन भांडन?”

मी टेक्निशियन आहे. आठवण म्हणजे रिपोर्ट नव्हे, हे माझ्या हाडात भिनलंय. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. त्याही म्हणाल्या, बरोबर हाये, तपासा. पण संगीताबाईंकडे तो विषय कसा काढायचा, हे आम्हा दोघांनाही कळेना.

सोमवारी व्हीसी झाली. वहीचं पान यायचं तिथे निळे हातमोजे घातलेली एक गोरी बाई मायक्रोस्कोपमध्ये बघतेय, असा इंटरनेटवरचा फोटो आला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. उलट प्रेझेंटेशन आता आंतरराष्ट्रीय वाटतं, असा शेरा मिळाला. प्रस्ताव गेला. आठवड्याभरात परदेशातून दोन ओळींचं उत्तर आलं. नामांकन फक्त आमंत्रित तज्ज्ञांकडून घेतलं जातं, आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. धन्यवाद.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती. जिल्ह्याच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्थेकडून दखल. उत्तर आलं म्हणजे दखल घेतलीच की. दखल घेतल्याबद्दल सत्कार ठेवला. दहा जणांना शाल आणि श्रीफळ मिळालं, त्यात प्रेरणाही होती. आमच्या साहेबांनी शाल घेतली, पण घरी नेली नाही. ती लॅबच्या सेंट्रिफ्यूजवर अंथरली आणि मला म्हणाले, “मशीनला धूळ बसते.” त्या माणसाला लाज होती, हे मी कबूल करतो. इंगोले सिस्टरना एक मेसेज आला होता, कार्यक्रमाला उपकेंद्रातून पंधरा महिला पाठवाव्यात. त्यांनी उत्तर पाठवलं, आज लसीकरण आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी प्रणाली माझ्या लॅबमध्ये आली. एकटी, भरदुपारी, स्टँडवरचे सगळे चहावाले बघत असताना. बाही वर करून स्टुलावर बसली.

“काका, माह्यं रक्त काढा.”

“मागच्या दारानं यायचं ना, बाई. लोक पाहून राह्यले.”

“पाहू द्या. लपवाचं कायले? चोरी केली काय म्या?”

मी रक्त काढलं. नळीवर तिच्या सांगण्यावरून पूर्ण नाव लिहिलं. तिनं त्या मुलालाही फोनवर सगळं सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात तोही आला. तोही स्टुलावर बसला, कोणाकडे न बघता. दोघांच्या नळ्या मी पाठवल्या आणि वीस दिवस वाट पाहिली. खरं सांगतो, सिस्टरची आठवण चुकली असावी असं मला मनातून वाटत होतं. त्या दोन पोरांसाठी वाटत होतं.

रिपोर्ट आले. ते घेऊन मी उपकेंद्रावर गेलो, पाकीट सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही. शिक्के नसलेली एक नवी लांब वही त्यांनी समोर ओढली, दोघांच्या घरांची पानं आखली, आणि पाकिटाकडे न बघता दोन्ही नावांपुढे लाल शाईत लिहिलं, एएस, एएस. मग पाकीट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “आता तुमी जुळवून पाहा.”

जुळलं. पुढचे दोन महिने त्यांनी सगळी वही अशीच नव्यानं लिहून काढली. प्रणालीचं लग्न पुढच्या वर्षी शेलूबाजारकडच्या एका मास्तरशी झालं. त्या मास्तरचा रिपोर्ट तिनं स्वतः मागितला होता, सगळ्यांसमोर.

एवढ्या नोकरीत मी एकच धडा शिकलो, तो नव्या पोरांना सांगत असतो. मूळ कागद कोणालाही द्यायचा नाही. द्यायची वेळ आलीच, तर आधी तो पाठ करून ठेवायचा.